दक्षिणेची रेल्वे सहल: चक्राकार तिकीट घ्यावं की सुटी तिकिटं?

आधी वहीचं एक पान घ्या आणि टप्पे मांडा: नांदेडहून सिकंदराबाद, मग तिरुपती, रामेश्वरम, कन्याकुमारी, तिरुवनंतपुरम, मडगाव, आणि पनवेल-मनमाडवरून परत नांदेड. प्रत्येक टप्प्यापुढे गाडीचा नंबर, वार आणि किलोमीटर लिहा. वाराकडे नीट लक्ष द्या. तिरुपती–रामेश्वरम आणि रामेश्वरम–कन्याकुमारी या थेट गाड्या रोज नसतात. एक वार हुकला की मुक्काम वाढतो आणि पुढची सगळी आरक्षणं कोलमडतात.

पान भरलं की हिशोबाला बसा. चक्राकार तिकीट म्हणजे सगळ्या सहलीचं मिळून एकच तिकीट. ते ज्या स्टेशनावरून सुरू होतं तिथंच संपतं आणि मधे जास्तीत जास्त आठ ठिकाणी उतरता येतं. समजा सगळं मिळून ४००० किमी भरले. रेल्वे त्याचे दोन भाग पाडते आणि २००० किमीच्या दोन एकेरी प्रवासांचं भाडं घेते. अंतर वाढत जातं तसा दर किलोमीटरचा भाव उतरतो, बचत होते ती इथंच. तेच अंतर सात-आठ सुट्या तिकिटांत तोडलं, तर प्रत्येक तिकीट पुन्हा सुरुवातीच्या चढ्या दरापासून मोजलं जातं.

तुलना करताना बहुतेकांची चूक एकाच जागी होते. मोबाईलवर दिसणाऱ्या सुट्या तिकिटाच्या रकमेत आरक्षण शुल्क (स्लीपरला २० रुपये, थर्ड एसीला ४०) आणि सुपरफास्टचा अधिभार (३० आणि ४५) धरलेला असतो. चक्राकार तिकिटावरही प्रत्येक टप्प्याला आरक्षण शुल्क द्यावंच लागतं आणि गाडी सुपरफास्ट असेल तर अधिभारही. म्हणून हे पैसे दोन्हीकडे धरा किंवा दोन्हीकडून वगळा, तरच खरा फरक कळेल. कोकण रेल्वेवर भाड्यासाठीचं अंतर प्रत्यक्षापेक्षा जास्त धरतात, तेही मोजा. रामेश्वरम आणि कन्याकुमारी ही रुळांची टोकं आहेत. तिथून काही अंतर त्याच मार्गानं मागे यावं लागतं, ते अर्जात स्पष्ट लिहा. वंदे भारत, राजधानी, शताब्दी यांचं भाडं वेगळ्या हिशोबाचं असल्यानं ते टप्पे या तिकिटात घालू नका.

मुदतीची चिंता सहसा पडत नाही. प्रवासासाठी दर ४०० किमीला एक दिवस आणि मुक्कामासाठी दर २०० किमीला एक दिवस मिळतो, म्हणजे ४००० किमीला १० अधिक २०, असे ३० दिवस.

आता खरा पेच. भाडं कितीही वाचलं तरी बर्थ नसेल तर तिकीट निरुपयोगी आहे, म्हणून आमचा सल्ला एकच: निर्णय बर्थ पाहून घ्या. आरक्षण ६० दिवस आधी, सकाळी आठला उघडतं, आणि ते प्रत्येक टप्प्याच्या तारखेनुसार वेगवेगळ्या दिवशी. सहल १४ दिवसांची असेल आणि सगळ्या टप्प्यांची आरक्षणं खिडकीच्या एकाच फेरीत उरकायची म्हणून शेवटचा टप्पा उघडेपर्यंत थांबलात, तर पहिल्या टप्प्याला जेमतेम ४६ दिवस उरतात. दिवाळीत आणि मे महिन्यात तोवर स्लीपर भरलेला असतो. अशा वेळी सुटी तिकिटंच काढा. ज्या दिवशी जो टप्पा उघडेल त्या दिवशी तो घ्या, आणि ऑनलाइन तिकिटांसाठीचं आयआरसीटीसी खातं आधारशी आधीच जोडून ठेवा. जानेवारी-फेब्रुवारीत जात असाल, तारखा पक्क्या असतील आणि निदान पाच टप्पे असतील, तर चक्राकार तिकिटाची खटपट करायला हरकत नाही. फक्त तिरुपतीला जाऊन त्याच वाटेनं यायचं असेल, तर हा विषयच नाही.

अर्ज विभागीय वाणिज्य व्यवस्थापकांच्या नावे करायचा. परभणी, हिंगोली, जालना, संभाजीनगर ही स्टेशनं नांदेड विभागात येतात. लातूर आणि धाराशिवकरांना मध्य रेल्वेच्या सोलापूर विभागाकडे जावं लागतं. अर्जात नुसती शहरं लिहू नका, कुठून कुठं आणि कोणत्या मार्गे तेही लिहा. तिकिटावर छापलेला मार्ग सोडून दुसऱ्या मार्गानं गेलात तर तो प्रवास ग्राह्य धरत नाहीत. कार्यालय भाडं काढून स्टेशनला कळवतं, मग बुकिंग खिडकीवर तिकीट मिळतं आणि ते दाखवून आरक्षण खिडकीवर टप्प्यांची आरक्षणं होतात. टप्प्यागणिक वेगळा फॉर्म भरा. एका फॉर्मवर सहाच नावं बसतात, त्यामुळे आठ-दहा जणांच्या कुटुंबानं फॉर्म दुप्पट न्यावेत.

नावं आणि वयं ओळखपत्राप्रमाणेच लिहा. पाच वर्षांखालच्या लेकराला तिकीट लागत नाही. पाच ते अकरा वर्षांच्या मुलांना बर्थ न घेता अर्धं भाडं, बर्थ हवा असेल तर पूर्ण. ज्येष्ठांची भाडेसवलत मार्च २०२० पासून बंद आहे, ती हिशोबात धरू नका. आजी-आजोबांसाठी खालच्या बर्थची पसंती मात्र प्रत्येक फॉर्मवर आठवणीनं नोंदवा.

वेटिंगवरचं तिकीट घेऊन स्लीपर किंवा एसीच्या डब्यात चढता येत नाही. एखादा टप्पा वेटिंगवरच राहिला, तर तेवढ्यापुरता बसचा पर्याय आधीच पाहून ठेवा. मदुराईहून कन्याकुमारीला बसनं सहज जाता येतं. मडगाव ते पनवेल मात्र आरक्षणाशिवाय सोडू नका.