मुलांना व्हिडिओ करायला सांगण्याआधी

आधी साधा हिशोब करा. कॉलेजच्या वर्गात ६० मुलं, लेखी असाइनमेंटऐवजी प्रत्येकाचा व्हिडिओ ५ मिनिटांचा, म्हणजे नुसतं एकदा बघायलाच ५ तास. गुण आणि शेरे वेगळेच. चौघाचौघांचे गट करून ४ मिनिटांची मर्यादा घातली की काम तासावर येतं, आणि बाकीचे गटही एकमेकांचं बघतील अशी आशा धरता येते. सगळं फक्त सरांनी-मॅडमनीच बघायचं असेल, तर लेखी असाइनमेंट काय वाईट होती?

सगळ्यात जास्त वेळ प्रश्न ठरवायला द्या. पर्यावरणाच्या पेपरला 'ठाणे खाडी फ्लेमिंगो अभयारण्य' एवढाच विषय दिलात, तर २०१५ साली अभयारण्य जाहीर, २०२२ साली रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळींची आंतरराष्ट्रीय यादी), हे पंधराही गटांकडून ऐकावं लागेल, मागे नेटवरची तीच गुलाबी चित्रं. त्यापेक्षा विचारा: ओहोटीला चिखलात चरणारे हे पक्षी भरती आली की जातात कुठे? मग ऐरोलीची मुलगी खाडीकाठचा चिखल दाखवेल, नेरूळचा मुलगा घराजवळच्या पाणथळीवर जाऊन येईल, कळव्याचा भरतीच्या वेळांचा तक्ता मांडेल. मुलं विखुरलेली असण्याचा असा फायदा वर्गात बसवून मिळत नाही. फक्त पहिल्या सत्रात हा विषय नको. पावसाळ्यात बहुतेक पक्षी इथे नसतातच.

गुणांची वाटणी काम देतानाच लिहून द्या. २० पैकी एडिटिंगला २ पुरेत, नाहीतर ज्याच्याकडे लॅपटॉप तो जिंकतो. चेहरा दिसलाच पाहिजे ही अट माझ्या मते नकोच. काम कोणी केलंय ते नंतरच्या दोन तोंडी प्रश्नांत कळतं. सोबत बोललेला मजकूर लिहून मागवा. ज्याला ऐकू येत नाही त्याचीही सोय होते आणि तुमचंही तपासणं सोपं जातं.

चित्रीकरणाच्या सूचना थोडक्यात. मोबाइल आडवा, तांदळाच्या डब्याला टेकवलेला चालेल. लेन्स पुसलेली, उजेड समोरून, पंखा बंद, कानाला वायरवाले इअरफोन. विटाव्यात रुळांलगत घर असेल तर लोकल जाऊ द्यायची, मग बोलायचं. कुकरच्या शिट्टीचे गुण मी कापत नाही. आधी २० सेकंदांचा नमुना मात्र मागवाच. आवाजाची बोंब तिथेच कळते.

१०८०पी या जास्त स्पष्ट चित्राच्या सेटिंगमध्ये मिनिटाला साधारण ६० ते १३० एमबी जातात, म्हणून त्याखालचं ७२०पी सांगा. ड्राइव्हची लिंक 'रिस्ट्रिक्टेड'च येते आणि आपण ॲक्सेस मागत बसतो. पाठवण्याआधी ती इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे लॉगिन नसलेल्या खाजगी विंडोत, उघडून बघायला लावा. यूट्यूबवर टाकायचंच तर 'अनलिस्टेड', पण लिंक ज्याच्या हाती लागेल त्याला दिसणार हे मुलांना आधी सांगा. मागे सिनेमाचं गाणं नको, कॉपीराइटचा दावा येतो. प्रथम वर्षाला १७ वर्षांची मुलंही असतात आणि २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालचं मूल बालकच, तेव्हा पालकांची लेखी संमती घेऊन ठेवा.

मुदत कामाच्या दिवशी दुपारी ३ची ठेवा. रात्री १२ची ठेवलीत, तर 'सर, अपलोड होत नाहीये' हे मेसेजही रात्री १२लाच येणार.