शून्य टक्क्यांचं पाकीट फोडण्याआधी

अमेरिकेत येऊन वर्ष-दीड वर्ष झालं, क्रेडिट स्कोअरने, म्हणजे आपली पत दाखवणाऱ्या आकड्याने, जरा अंग धरलं, की पोस्टाच्या डब्यात चकचकीत पाकिटं पडायला लागतात. ‘२१ महिने शून्य टक्के व्याज’, ‘जुन्या कार्डाची बाकी आमच्याकडे आणा’. नेमकी त्याच सुमारास पहिल्या वर्षाची बाकी कार्डावर साचलेली असते. घराचं डिपॉझिट, सेकंडहँड गाडी, आईबाबांची तिकिटं. २२-२४ टक्क्यांनी ती वाढत असते आणि आपण मिनिमम, म्हणजे बँकेने ठरवलेली किमान रक्कम, भरून महिना ढकलत असतो.

ही पाकिटं म्हणजे निव्वळ फसवणूक, असं सांगणारे खूप भेटतील. मला ते पटत नाही. नीट वाचून घेतलं तर बॅलन्स ट्रान्सफर, म्हणजे जुन्या कार्डाची बाकी नव्या कार्डावर हलवणं, ही चांगली सोय आहे. पण वाचतो कोण? आपल्याकडे गणपतीच्या जेवणाच्या रांगेत कुणी किती पॉइंट जमवले आणि कसं बिझनेस क्लासने जाऊन आलं, हे सगळं ऐकायला मिळतं. कार्डावर सहा हजार थकलेत, हे मात्र कुणी चुकूनही बोलत नाही. मग नवी मंडळी ग्रुपवर कुणीतरी टाकलेली लिंक दाबून मोकळी होतात. कार्ड मंजूर झालं की लिंक टाकणाऱ्याला बऱ्याचदा बोनस मिळतो, एवढं लक्षात असू द्या.

नुकतेच आला असाल तर ही ऑफर अजून तुमच्यासाठी नाही. भारतातला सिबिल स्कोअर इथे सहसा कुणी धरत नाही, आणि इथला फायको नावाचा क्रेडिट स्कोअर तयार व्हायलाच निदान सहा महिने जुनं एखादं खातं लागतं. चांगल्या ऑफर साधारण ६७० च्या पुढे स्कोअर गेल्यावर मिळतात. तोवर क्रेडिट युनियनकडे, म्हणजे आपल्या पतपेढीसारख्या सभासदांच्या संस्थेकडे, जा. फेडरल क्रेडिट युनियनला १८ टक्क्यांच्या वर व्याज लावता येत नाही, आणि काही युनियन तर ट्रान्सफरची फीसुद्धा घेत नाहीत. आपले लोक मोठ्या बँकेच्या नावाला भुलतात आणि कोपऱ्यावरच्या युनियनकडे ढुंकून बघत नाहीत.

आता तुलना. पाकिटावर महिने मोठ्या अक्षरात असतात म्हणून सगळे महिन्यांचीच तुलना करतात. खरी तुलना फीपासून सुरू होते. ट्रान्सफर करताना रकमेच्या ३ किंवा ५ टक्के फी बाकीत मिळवली जाते, आणि ती पहिल्याच दिवशी लागते. समजा ६,००० डॉलर हलवायचे आहेत. एक कार्ड १५ महिने आणि ३ टक्के, दुसरं २१ महिने आणि ५ टक्के. पहिल्याची फी १८० डॉलर, दुसऱ्याची ३००. पहिल्यावर मुदतीत सगळं फेडायचं तर महिन्याला ४१२ डॉलर लागतील, दुसऱ्यावर ३००.

‘मला ४१२ झेपत नाहीत, म्हणून २१ महिनेवालं घेतो,’ असं सगळे म्हणतात. कागद घेऊन बसा. समजा महिन्याला ३२० झेपतात. पहिल्या कार्डावर १५ महिन्यांनी १,३८० डॉलर उरतील. त्यावर २४ टक्के व्याज लागलं तरी पुढच्या पाच महिन्यांत सगळं फिटतं, आणि व्याज होतं सुमारे ७८ डॉलर. फी धरून एकूण खर्च २५८. म्हणजे मुदत उलटून, व्याज भरूनसुद्धा ते ३०० वाल्या कार्डापेक्षा स्वस्तच पडतं! दोन्ही सारखी कधी होतात, तर महिन्याला बरोबर ३०० भरत गेलात तर. त्याच्या खाली लांब मुदतीचं कार्ड फायद्याचं, वर गेलात तर कमी फीचं. तुमचे आकडे वेगळे असतील, पण हिशोब याच वाटेने करायचा. आणि काहीच हलवलं नाही तर? तेच ६,००० डॉलर २४ टक्क्यांवर, महिना ३२० भरत फेडायला जवळजवळ दोन वर्षं आणि सुमारे १,६०० डॉलर व्याज लागतं. त्यामुळे दोन्हींपैकी कुठलंही घेतलंत तरी हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा बरंच. फक्त महिन्याला किती झेपतं हा आकडा खरा लिहा. तिथे बहुतेक जण स्वतःलाच थापा मारतात.

दर आणि फी शोधायची तर जाहिरात सोडून थेट शूमर बॉक्सकडे जा. सेनेटर चार्ल्स शूमर यांच्या नावाने ओळखला जाणारा हा तक्ता प्रत्येक अर्जासोबत असतो. शून्य टक्क्यांचे महिने खातं उघडल्यापासून मोजतात की ट्रान्सफर झाल्यापासून, हेही अटींमध्ये लिहिलेलं असतं. बऱ्याच कार्डांवर खातं उघडल्यापासूनच मोजणी सुरू होते, आणि ट्रान्सफर ठरावीक दिवसांत केली नाही तर सवलतीचा दर किंवा कमी फी मिळत नाही. कुठे ही मुदत ६० दिवस, कुठे चार महिने. त्याच बँकेच्या एका कार्डावरून दुसऱ्यावर बाकी हलवता येत नाही. लिमिट किती मिळेल ते मंजुरीनंतरच कळतं, आणि फीसुद्धा त्याच लिमिटमध्ये बसवावी लागते. सहा हजार हलवायला निघालात आणि लिमिट चार हजारच मिळालं, असं होऊ शकतं.

नव्या कार्डावर खरेदी करू नका. शून्य टक्के फक्त ट्रान्सफरवर असेल आणि खरेदीवर नसेल, तर ट्रान्सफरची बाकी पूर्ण फिटेपर्यंत खरेदीवर सहसा बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. दुधाच्या गॅलनवरही पहिल्या दिवसापासून व्याज. ते कार्ड पाकिटातून काढून कपाटात ठेवा.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं तो मुद्दा. ‘शून्य टक्के व्याज’ आणि ‘१२ महिन्यांत पूर्ण फेडल्यास व्याज नाही’ ही दोन वाक्यं सारखी नाहीत. पुन्हा वाचा. दुसरं वाक्य फर्निचर आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या कार्डांवर असतं, कधी दातांच्या दवाखान्यातही. त्याला डिफर्ड इंटरेस्ट म्हणतात. बॅलन्स ट्रान्सफरच्या कार्डावर मुदत संपताना १०० डॉलर उरले, तर पुढे व्याज त्या १०० वरच लागतं. डिफर्ड इंटरेस्टमध्ये व्याज पहिल्या दिवसापासून मागे मोजलेलं असतं, फक्त दाखवलेलं नसतं. बाराव्या महिन्याच्या शेवटी एक डॉलर जरी उरला, तरी सगळं एकदम अंगावर येतं.

आमच्या ओळखीतल्या एका नव्या जोडप्याने २,४०० डॉलरचा सोफा आणि गादी अशाच कार्डावर घेतली. वर्षभर एकही हप्ता चुकवला नाही. शेवटी ९० डॉलर राहिले, पुढच्या पगाराला भरू म्हणाले. पुढच्या स्टेटमेंटवर सुमारे ४०० डॉलर व्याज! दोघंही इंजिनिअर, हिशोबाला पक्के. दुकानातल्या मुलीने ‘झिरो इंटरेस्ट’ म्हटलं आणि यांनी कागद न वाचता सही केली. अशा कार्डावरचं मिनिमम पेमेंट बहुतेक वेळा मुदतीत पूर्ण फेड होण्याइतकं नसतंच, आणि तेवढंच भरत राहणाऱ्याला हे उमगत नाही. आधीच असं कार्ड असेल तर मुदत संपायच्या दोन महिने आधी उरलेली बाकी बॅलन्स ट्रान्सफर कार्डावर हलवता येते. ३ टक्के फी परवडते, मागचं व्याज नाही.

ट्रान्सफर पूर्ण व्हायला दोन-तीन आठवडे लागू शकतात, तोवर जुन्या कार्डाचं पेमेंट थांबवू नका. नंतरही एक-दोन स्टेटमेंटवर किरकोळ व्याज येतं, तेही भरून टाका. जुनं कार्ड मात्र बंद करू नका, वापरलेल्या लिमिटचं प्रमाण वाढून स्कोअर घसरतो. अर्ज एक-दोनच करा, आणि आधी बँकेच्या साइटवर प्री-अप्रूव्हल, म्हणजे कार्ड मंजूर होण्याची शक्यता, तपासा, त्याने स्कोअरला धक्का लागत नाही.

एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असाल तर एक वेगळी गोष्ट. इथे आपली भारतीय ‘कर्ज आधी संपवा’ वृत्ती थोडी आवरा. नोकरी गेली तर नवी शोधायला किंवा देश सोडायला तुमच्या हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात. बिनव्याजी कर्ज लवकर फेडून व्याज वाचत नाही, पण दोन महिन्यांचं भाडं बँकेत असेल तर झोप लागते. हप्ता ठरल्याप्रमाणे भरा, वरचे पैसे आधी बचत खात्यात. ऑटो-पे मिनिममवर लावून ठेवा. ड्यू डेट चुकली तर लेट फी लागते, आणि ६० दिवसांहून जास्त थकलं तर २००९ च्या कार्ड कायद्याप्रमाणे बँक शून्याचा दरही काढून घेऊ शकते. ठरवलेल्या हप्त्याची उरलेली रक्कम पगाराच्या दिवशी हाताने टाका, त्या निमित्ताने महिन्यातून एकदा स्टेटमेंट उघडलं जातं.