जँगोचं अ‍ॅडमिन आणि मी उडवलेलं मायग्रेशन फोल्डर

२०१९ च्या उन्हाळ्यात मी पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकत होतो. मेकॅनिकलची पदवी हातात, नोकरीचा पत्ता नाही. गावच्या वाचनालयातल्या ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "नुसता लॅपटॉप बडवत बसतोस, तर आमचं सभासद रजिस्टर तरी करून दे." पायथनमध्ये वेबसाइट बनवायचं साधन म्हणून जँगो निवडलं, ते त्याच्या अ‍ॅडमिनवर, म्हणजे माहिती भरायच्या आयत्या पानांवर, भाळून. मॉडेल, म्हणजे कुठली माहिती साठवायची त्याचं वर्णन, लिहायचं, एका फाइलमध्ये त्याची नोंद करायची, की फॉर्म, यादी, शोध सगळं आयतं मिळतं. जँगो अमेरिकेतल्या कॅन्ससमध्ये लॉरेन्स जर्नल-वर्ल्ड या वृत्तपत्राच्या कचेरीत जन्मलं आणि २००५ मध्ये सगळ्यांसाठी खुलं झालं. कोड न लिहिणाऱ्या माणसांनी भराभर मजकूर भरावा, ही तिथली रोजची निकड होती. आमच्या मॅडमचीही तीच.

पहिला दणका लॅपटॉपवरच बसला. साइट उघडत होती, अ‍ॅडमिनमध्ये लॉगिन होत होतं, पुस्तकांची यादी दिसत होती. नवीन पुस्तक भरून सेव्ह दाबलं की पिवळं पान: 'नो सच टेबल: मेन.ऑथ_युजर__ओल्ड'. असं टेबल मी आयुष्यात बनवलं नव्हतं. दोन दिवस पुस्तकाचं मॉडेल उलटसुलट करून पाहिलं, कारण चूक माझीच असणार ही खात्री.

चूक माझ्या मॉडेलमध्ये नव्हतीच. अ‍ॅडमिनमधून काहीही सेव्ह केलं की जँगो 'कोणी, कधी, काय बदललं' याची एक ओळ स्वतःच्या 'जँगो_अ‍ॅडमिन_लॉग' या टेबलात लिहितो. आवक-जावक रजिस्टरच म्हणा. ते टेबल वापरकर्त्यांच्या 'ऑथ_युजर' टेबलाकडे बोट दाखवतं. आता एसक्यूलाइटमध्ये, म्हणजे लॅपटॉपवर एका फाइलीत राहणाऱ्या माझ्या डेटाबेसमध्ये, टेबलाची रचना हवी तशी बदलता येत नाही, म्हणून जँगो तेव्हा जुन्या टेबलाचं नाव बदलून '__ओल्ड' करायचा, नवीन टेबल बनवायचा, माहिती त्यात ओतायचा आणि जुनं टाकून द्यायचा. डिसेंबर २०१८ मध्ये आलेल्या एसक्यूलाइट ३.२६ ने नाव बदलण्याची पद्धतच बदलली: टेबलाचं नाव बदललं की त्याच्याकडे बोट दाखवणाऱ्या बाकीच्या टेबलांतही नवीन नाव घालायचं. झालं. लॉगचं बोट '__ओल्ड'कडे वळलं आणि ते टेबल तर पुसलं गेलेलं. पुस्तक आणि लॉगची ओळ एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (सगळं होईल, नाहीतर काहीच नाही) असल्यामुळे लॉग अडला की पुस्तकही परत फिरायचं.

जँगो २.१.५ मध्ये हे दुरुस्त झालं होतं. मी ज्या टिपणांवरून शिकत होतो त्यांत २.१.४ होतं आणि मी इमानेइतबारे तेच इन्स्टॉल केलं होतं. नुसतं अपग्रेड करूनही भागलं नाही, कारण आधीच बिघडलेली डेटाबेसची फाइल बिघडलेलीच राहते. ती उडवली, टेबलं बनवणारं 'मायग्रेट' पुन्हा चालवलं, पुस्तक सेव्ह झालं.

इथेच मी चुकीचा धडा घेतला. अडलं की डेटाबेस उडवायचा, मायग्रेशनच्या फाइली (टेबलांत टप्प्याटप्प्याने काय बदलायचं याच्या सूचना) उडवायच्या, नव्याने बनवायच्या. लॅपटॉपवर हे औषध दर वेळी लागू पडतं, म्हणूनच ते वाईट.

दोनेक महिन्यांनी वाचनालयाचं काम मायएसक्यूएल या डेटाबेसवर, भाड्याच्या सर्व्हरवर गेलं. साडेसहाशे सभासद भरून झाले. मॅडमना सभासदाचा मोबाइल नंबर हवा होता. मी मॉडेलमध्ये एक ओळ वाढवली, लॅपटॉपवर मायग्रेशनचा काहीतरी गुंता झाला, सवयीने फोल्डर साफ केलं, मायग्रेशनच्या फाइली बनवणारं 'मेकमायग्रेशन्स' चालवलं. एकच देखणी '०००१_इनिशियल' फाइल तयार. सर्व्हरवर चढवली, 'मायग्रेट' केलं. उत्तर आलं, 'नो मायग्रेशन्स टू अप्लाय'. मी चहा प्यायला गेलो.

अर्ध्या तासात फोन. "अरे, सभासद उघडतच नाही. पाचशे असं काहीतरी येतंय." पाचशे म्हणजे सर्व्हरच्या आत काहीतरी बिघडल्याचा आकडा. सर्व्हरवर डीबग, म्हणजे चुकीचा तपशील पानावर दाखवायची सोय, बंद असल्यामुळे त्यांना पिवळं पान दिसत नव्हतं, आणि ते बरोबरच होतं. घाबरून डीबग चालू करू नका, एरर लॉग उघडा. तिथे ट्रेसबॅकची, म्हणजे कोडमधून चुकीपर्यंत पोचलेल्या वाटेच्या यादीची, शेवटची ओळ होती: 'अननोन कॉलम रजिस्टर_मेंबर.मोबाइल'. ट्रेसबॅक नेहमी खालून वर वाचायचा. नवी मुलं वरून सुरू करतात आणि जँगोच्या पोटातल्या तीस फाइलींमध्ये हरवतात.

कॉलम नाही, आणि जँगो म्हणतो सगळं झालंय. कारण 'जँगो_मायग्रेशन्स' या टेबलात तो फक्त अ‍ॅपचं नाव, मायग्रेशनचं नाव आणि वेळ लिहून ठेवतो. फाइलच्या आत काय आहे ते पुन्हा तपासत नाही. 'रजिस्टर, ०००१_इनिशियल' ही ओळ तिथे पहिल्या दिवसापासून होती. माझी नवी फाइल त्याच नावाची. त्याच्या लेखी काम संपलं होतं.

तेव्हापासून मी अशा वेळी तीन ठिकाणं समोरासमोर ठेवतो. मॉडेल काय म्हणतं, मायग्रेशनच्या फाइली काय म्हणतात, आणि टेबलात खरोखर काय आहे. पहिली दोन एडिटरमध्ये दिसतात. तिसऱ्यासाठी थेट डेटाबेसशी बोलणारं 'डीबीशेल' उघडून टेबलाची रचना दाखवणारं 'डिस्क्राइब' मारावं लागतं, आणि नेमका तोच कंटाळा सगळे करतात. जोडीला 'शोमायग्रेशन्स' चालवून कुठल्या नावापुढे फुली आहे ते बघायचं.

नशिबाने कोडच्या जुन्या आवृत्त्या जपणाऱ्या गिटमध्ये जुनं फोल्डर होतं. (मायग्रेशन फोल्डर गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने जपू नये अशा यादीत, टाकणारे भेटतात. त्यांना नशिबाचाही आधार नाही.) ते परत आणलं, 'मेकमायग्रेशन्स' केलं, '०००५' तयार झालं. चालवण्याआधी दोन कामं केली: 'मायएसक्यूएलडंप'ने बॅकअप, आणि 'एसक्यूएलमायग्रेट' लावून आत नेमकं काय आहे ते वाचलं. एक कॉलम वाढणार होता, बाकी काही नाही. मग चालवलं. त्यात पुन्हा गंमत: जुन्या ओळींसाठी डीफॉल्ट विचारल्यावर मी 'मेकमायग्रेशन्स'ला '१' दिला होता. साडेसहाशे सभासदांचा मोबाइल नंबर १. रिकामी स्ट्रिंग द्यायची असते, हे मॅडमनी यादी पाहिल्यावर कळलं.

बाकीच्या अडचणी एवढ्या जिवावर आल्या नाहीत. देवघेवीचा फॉर्म उघडायला वेळ लागायचा, कारण पुस्तक निवडायच्या ड्रॉपडाउनमध्ये नऊ हजार नावं एकदम भरली जात होती. टाइप करू तशी नावं शोधून देणारं 'ऑटोकम्प्लीट_फील्ड्स' लावलं की सुटतं. त्यासाठी पुस्तकाच्या अ‍ॅडमिनमध्ये 'सर्च_फील्ड्स' हवंच, नाहीतर जँगो सुरूच होत नाही. देवघेवीच्या यादीत प्रत्येक ओळीसाठी सभासद आणि पुस्तक वेगवेगळं विचारलं जात होतं. पानावर शंभर ओळी, म्हणजे दोनशे जादा क्वेरी. सगळं एकदम मागवणाऱ्या 'लिस्ट_सिलेक्ट_रिलेटेड'ची एक ओळ पुरली.

शेवटचा फोन मात्र लक्षात राहिला. "शेरा सेव्ह होत नाही. काल मराठीत लिहिलेला झाला होता." एका सभासदाचा व्हॉट्सअ‍ॅप निरोप मॅडमनी तसाच शेऱ्यात चिकटवला होता, शेवटी हात जोडल्याच्या इमोजीसकट. अक्षरं साठवायची मायएसक्यूएलची जुनी पद्धत, 'यूटीएफ८', एका अक्षराला जास्तीत जास्त ३ बाइट देते. देवनागरी अक्षराला ३ लागतात, म्हणून मराठी मावत होतं. इमोजीला ४ लागतात. टेबलं 'यूटीएफ८एमबी४' करायला घेतली तर 'की टू लाँग' म्हणून अडलं: दाखल नंबराचा युनिक (एकच नंबर दोनदा न घेणारा) कॉलम मी २५५ लांबीचा केला होता, आणि तिथे इंडेक्सची, म्हणजे डेटाबेसच्या शोधसूचीची, मर्यादा ७६७ बाइट. तीनने गुणलं तर ७६५, कसंबसं बसत होतं. चारने गुणलं तर १०२०.

दाखल नंबर सहा आकड्यांच्या पुढे कधीच जात नाही. २० केला, टेबलं बदलली, सेटिंगमध्ये कॅरसेटही (अक्षरं साठवायची पद्धत) बदलला आणि मॅडमना सांगितलं, आता चिकटवा. संध्याकाळी शेऱ्यात पाहिलं तर ओळीने पाच हात जोडलेले होते.