स्कॅन वेगवान केला आणि ९४.३ हरवलं

ई अँड टीसीची (इलेक्ट्रॉनिक्स अँड टेलिकम्युनिकेशन) डिग्री घेऊन मी पुण्यात गाड्यांच्या रेडिओवर काम करणाऱ्या एका टीममध्ये लागले. पहिलं काम अगदी किरकोळ वाटलं: "स्कॅनला फार वेळ लागतो, कमी कर." स्कॅन म्हणजे रेडिओने पट्टाभर फिरून स्टेशनांची यादी काढणं.

एफएमचा पट्टा ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झ. १०० किलोहर्ट्झच्या टप्प्यांनी गेलं तर २०६ थांबे होतात. दर थांब्यावर कोडमध्ये ६० मिलिसेकंदांचा डिले होता, म्हणजे पूर्ण फेरीला बारा सेकंदांच्या वर. मी ६० खोडून १० लिहिले. फेरी दोन सेकंदांत! जेवायच्या सुट्टीआधी काम फत्ते.

चौथ्या दिवशी लॅबमधल्या काकांनी विचारलं, "वरून खाली लावून बघितलंस का?" नव्हतं बघितलं. खालून वर जाताना ९४.३ यादीत येत नव्हतं, वरून खाली येताना मात्र बरोब्बर सापडत होतं. सेट तोच, अँटेना तीच. आमच्या खिडकीत ९३.५ दणकून यायचं आणि ९४.३ समोरच्या इमारतीच्या आडोशामुळे मरतुकडं.

भर उन्हातून माजघरात शिरल्यावर क्षणभर काही दिसत नाही ना, तसं हे. रिसीव्हरला एका मायक्रोव्होल्टपासून शंभर मिलिव्होल्टपर्यंतचे सिग्नल झेलावे लागतात, म्हणजे १०० डीबीचा (डेसिबलचा) फरक. म्हणून सिग्नल मोठा आला की एजीसी, म्हणजे ऑटोमॅटिक गेन कंट्रोल, गेन (सिग्नल किती पट वाढवायचा ते) पटकन दाबतो. याला अटॅक म्हणतात. सिग्नल गेल्यावर तो गेन सावकाश सोडतो, तो रिलीज. आमच्या सेटचा रिलीज टाइम कॉन्स्टंट (दाबलेला गेन जवळपास दोन-तृतीयांश सुटायला लागणारा वेळ) होता साधारण १५० मिलिसेकंद. ९३.५ पासून ९४.३ पर्यंत आठ टप्पे. जुन्या कोडमध्ये तेवढ्यात ४८० मिलिसेकंद जायचे, माझ्या कोडमध्ये फक्त ८०. तिकडे ४० डीबी दाबलेला गेन ८० मिलिसेकंदांनंतरही २३ डीबीच्या आसपास दाबलेलाच असतो. माजघरात पाऊल टाकल्या टाकल्या मी "इथे कोणी नाही" म्हणून पुढे निघत होते.

तो ६० चा आकडा कोणीतरी विचार करून ठेवला होता. फक्त कॉमेंट लिहायचा कंटाळा केला होता. (हा आजार सगळीकडे आहे.)

डिले पुन्हा वाढवणं हा उपाय नव्हे. काकांनी मला ऑसिलोस्कोपवर एजीसीचं व्होल्टेज लावून दाखवलं: जोरदार स्टेशनावर टपकन खाली, मग लांबलचक चढण. ते चित्र बघेपर्यंत मी एजीसीचा फक्त ब्लॉक डायग्राम पाठ केला होता. नवीन असाल तर डिलेच्या आकड्याला हात लावण्याआधी हे एवढं नक्की करा.

मग दोन गोष्टी बदलल्या. पहिली म्हणजे उडी मारताना जुना गेन सोबत न्यायचा नाही. दर थांब्यावर गेन एका ठरावीक मधल्या किमतीवर आणून ठेवायचा आणि स्कॅन चालू असेपर्यंत रिलीजही जलद ठेवायचा. दुसरी गोष्ट जास्त कामाची निघाली. आमचा कोड फक्त एडीसीवरची (सिग्नलचे आकडे करणाऱ्या भागावरची) पातळी बघत होता. तीत एजीसीने कापलेले डीबी परत मिळवले की अँटेनावरची खरी ताकद कळते. मग एजीसी पूर्ण स्थिरावायची वाट बघावी लागत नाही. एडीसी क्लिप होत नसला (म्हणजे सिग्नल त्याच्या मर्यादेबाहेर जाऊन कापला जात नसला) आणि सिग्नल नॉइजमध्ये बुडालेला नसला की पुरे. पीएलएल (नेमकी फ्रिक्वेन्सी धरणारं सर्किट) लॉक व्हायचा वेळ धरून १२ मिलिसेकंदांत पहिला निकाल येऊ लागला. शहरात स्टेशनं एकमेकांपासून साधारण ८०० किलोहर्ट्झवर असल्यामुळे बहुतेक थांबे रिकामेच असतात, तिथून लगेच पुढे जायचं. संशयित वीसेक थांब्यांवर मात्र आणखी ५० मिलिसेकंद द्यायचे. सगळे मिळून साडेतीन सेकंद, आणि दोन्ही दिशांची यादी एकच.

हीच युक्ती मी मीडियम वेव्हवर तशीच चिकटवली आणि तोंडावर पडले. एएममध्ये आवाज सिग्नलच्या उंचीतच असतो, त्यामुळे एजीसी फार चपळ झाला तर तो आवाजालाच चढउतार समजून सपाट करतो. ५० हर्ट्झची एक लाट २० मिलिसेकंदांची असते, हे ध्यानात ठेवा. स्टेशन सापडल्यावर एजीसी परत मंद मोडवर न्यायला मी विसरले होते. ७९२ किलोहर्ट्झवर आकाशवाणी पुणे लागलं, तबला चालू होता आणि डग्ग्याची घुमच गायब! काका म्हणाले, "हा तबला आहे की पत्र्याचा डबा?"

उलट टोकाचा घोटाळाही सांगते. गेन जास्त ठेवून ट्रान्समीटरच्या जवळ स्कॅन केला की भुताची स्टेशनं उगवतात. ९३.५ आणि ९८.३ दोन्ही जोरात असतील तर ९३.५ ची दुप्पट वजा ९८.३, म्हणजे ८८.७ वर दोघांची खिचडी ऐकू येते. ओळखायचं कसं? अँटेना आणि सेटच्या मधे १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा तुकडा) घाला. खरं स्टेशन १० डीबीने उतरतं, हे इंटरमॉड्युलेशनचं भूत मात्र ३० च्या आसपास. इंटरव्ह्यूत हे समजावून सांगता आलं तर समोरचा माणूस खुर्चीत सावरून बसतो, हा स्वानुभव.

घरी सराव करायचा तर आरटीएल-एसडीआर डोंगल (कॉम्प्युटरला यूएसबीवर लावायचा छोटा रेडिओ रिसीव्हर) घ्या. आर८२०टी ट्यूनरवालं मिळालं तर गेनच्या २९ पायऱ्या मिळतात, ० ते ४९.६ डीबी. एडीसी आठच बिटांचा, त्यामुळे गेन चुकला की लगेच कळतं. एका घासात २.४ मेगाहर्ट्झ दिसतात, म्हणजे अख्खा एफएम पट्टा नऊ उड्यांत. आधी ऑटो गेन चालू ठेवून दोन्ही दिशांनी यादी काढा, मग तो बंद करून दोन ठरावीक गेनवर. चारही याद्या शेजारी ठेवा आणि जे स्टेशन एकाच यादीत आहे त्याच्या मागे लागा.