विज्ञान शिकायचे असेल तर पुण्यात महाविद्यालय कसे निवडावे

बारावीचा निकाल जवळ आला की पुण्यातल्या बहुतेक घरांत महाविद्यालयाची चर्चा मागच्या वर्षीच्या कटऑफवरून सुरू होते आणि तिथेच संपते. कटऑफवरून त्या महाविद्यालयाला मागणी किती आहे एवढे कळते; तिथे शिकवतात कसे, प्रयोग स्वतःच्या हाताने करू देतात का, शंका घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याला प्राध्यापक वेळ देतात का, यांपैकी कशाचाही उलगडा त्यातून होत नाही. ज्याला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र मनापासून शिकायचे आहे, त्याने महाविद्यालय प्रयोगशाळेवरून पारखावे, असे माझे ठाम मत आहे.

त्याआधी एक गोष्ट वेळेत ठरवावी लागते. संशोधनाकडेच जायचे असेल, तर पाषाण येथील आयसर (भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्था) या २००६ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेतील पाच वर्षांच्या बीएस-एमएस अभ्यासक्रमाचा विचार जरूर करावा. त्यासाठी आयएटी (आयसर ॲप्टिट्यूड टेस्ट) ही स्वतंत्र प्रवेश परीक्षा असते आणि तीत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, गणित व जीवशास्त्र या चारही विषयांचे प्रत्येकी १५ असे ६० प्रश्न तीन तासांत सोडवायचे असतात. अर्ज सहसा बारावीच्या निकालाआधीच भरावे लागतात, त्यामुळे निकालाची वाट पाहत थांबणाऱ्यांची संधी हुकते. अकरावीत प्रवेश घेणाऱ्यांनीही हे लक्षात ठेवून, जीवशास्त्राची आवड असली तरी शक्यतो गणित सोडू नये.

बी.एस्सी. करायचे ठरले, की यादीतल्या प्रत्येक महाविद्यालयात एकदा प्रत्यक्ष जावे, आणि तेही प्रॅक्टिकल चालू असताना. कार्यालयात विनंती केली आणि विभागप्रमुखांची परवानगी मिळाली, तर प्रयोगशाळा पाहता येते. एका बॅचमध्ये किती विद्यार्थी आहेत आणि एका ब्युरेटभोवती, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने मोजून सोडण्याच्या काचेच्या नळीभोवती, किती जण उभे आहेत, हे पाहावे. चौघांपैकी एक जण अनुमापन (टायट्रेशन) करतो आणि बाकीचे तिघे नळीवरच्या आकड्याचे वाचन (रीडिंग) उतरवून घेतात असे चित्र दिसले, तर तीन वर्षांनी त्यांतल्या तिघांना ब्युरेटचा कॉक हळूहळू सोडून रंग पालटण्याचा नेमका क्षण पकडता येणार नाही. शक्य झाल्यास एखाद्या विद्यार्थ्याचे जर्नल मागून चाळावे. प्रत्येक प्रयोगात तिन्ही वाचने दशांशापर्यंत तंतोतंत सारखी असतील, खाडाखोड कुठेच नसेल आणि शेजारच्या जर्नलमध्येही तेच आकडे असतील, तर तिथे प्रयोग होत नाहीत, सबमिशन होते. याउलट चुकलेले वाचन खोडून, ते का चुकले हे समासात लिहिलेले आढळले, तर ते महाविद्यालय यादीत वरच्या क्रमांकावर ठेवावे.

दुसरी चौकशी शिक्षकांविषयी करावी. तुम्हाला हव्या असलेल्या विषयात पूर्णवेळ प्राध्यापक किती आहेत आणि तासिका तत्त्वावर नेमलेले किती आहेत, हे विचारण्यात संकोच बाळगू नये. तासिका तत्त्वावरचे अनेक शिक्षक उत्तम शिकवतात, पण तास संपताच त्यांना दुसऱ्या महाविद्यालयात धावावे लागते आणि मग शंका विचारायला कोणी उरत नाही; हा दोष त्यांचा नाही, मात्र त्याची किंमत विद्यार्थ्याला मोजावी लागते. तुकडी अनुदानित आहे की विनाअनुदानित, हेही त्याच वेळी विचारावे, कारण एकाच इमारतीत शुल्कात मोठा फरक असू शकतो.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवी तीन वर्षांनी घेता येते किंवा चौथ्या वर्षापर्यंत जाता येते. संशोधनासह ऑनर्स करण्यासाठी पहिल्या सहा सत्रांत किमान ७५ टक्के गुण लागतात, आणि ही सोय प्रत्येक महाविद्यालयातल्या प्रत्येक विषयात असेलच असे नाही. खगोलभौतिकीकडे वळायचे असेल, तर मुख्य विषय भौतिकशास्त्रासोबत गणित घेता येते का, की वेळापत्रकात दोन्हींचे तास एकमेकांवर येतात, हे आधीच तपासावे.

पुण्याने विद्यार्थ्याला दिलेली मोठी देणगी महाविद्यालयांच्या भिंतींबाहेर आहे. पाषाणला राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा आणि उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था, विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था आणि राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र, आणि १८८५ मध्ये सुरू झालेल्या फर्ग्युसनपासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर आघारकर संशोधन संस्था, इतक्या संस्था एका शहरात क्वचितच सापडतात. म्हणून विभागात एक प्रश्न अवश्य विचारावा: मागच्या वर्षी तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प कुठे केले? उत्तरादाखल संस्थांची आणि विषयांची नावे पटापट आली, तर तिथले प्राध्यापक विद्यार्थ्यांसाठी शब्द टाकतात, असे समजावे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण पाहायला महाविद्यालय विद्यार्थ्यांना नेते का, हेही विचारून पाहावे.

प्रवासाचा विचार शेवटी, पण नीट करावा. प्रॅक्टिकल दुपारनंतर लांबते, आणि हडपसरहून किंवा चिंचवडहून रोज दोन बस बदलून येणारा विद्यार्थी पहिल्या सत्रानंतर तेच तास बुडवू लागतो. दोन महाविद्यालये बाकी सर्व बाबतींत तोडीस तोड वाटली, तर घराजवळचे किंवा ज्याच्या वसतिगृहात खोली मिळते ते निवडावे. बी.एस्सी.चे अर्ज आणि गुणवत्ता याद्या बहुधा महाविद्यालयानुसार वेगळ्या असतात, त्यामुळे किमान तीन ठिकाणी अर्ज भरून प्रत्येक यादीची तारीख आणि शुल्क भरण्याची मुदत एकाच कागदावर लिहून ठेवावी.