रिपोर्ट नॉर्मल, पण दुखतंयच
गोव्यातल्या डिचोली-पेडण्याकडच्या ओपीडीत अशा मावशी येतातच, पिशवीभर रिपोर्ट, सगळे नॉर्मल, आणि छातीत धडधड, अंगदुखी चालूच. 'तुम्हाला काही झालेलं नाही' हे म्हणणं आपण डॉक्टरांनी आधी बंद करायचं, दुखणं खरंच असतं. मध्ये न बोलता ऐका, मग हात लावून तपासा, नुसते कागद चाळू नका. पुढची तारीख आपणच द्या, दर ४-६ आठवड्यांनी, म्हणजे भेटायला दुखणं वाढावं लागत नाही (हे सगळ्यात कामाचं). एमआरआय परत परत नको, पण वजन उतरलं, शौचातून रक्त गेलं तर नव्याने तपासायचंच. झोप, घरचं टेन्शन विचारा, पण जपून, नाहीतर "डॉक्टर, म्हणजे मी वेडी काय?" सायकियाट्रीकडे पाठवलंत तरी आपली तारीख चालू ठेवा, नाहीतर तिला वाटतं कटवलं.