जळगावच्या उन्हात थंड पाण्याचा टब

मे महिन्यात आमच्या जळगावचा पारा ४५ अंशांकडे सरकला आणि गार पाण्यात बसायला घेतलेल्या टबातलं पाणी २२ अंशांच्या खाली उतरेना. बसवणाऱ्याने चिलर, म्हणजे टबाचं पाणी गार करणारं यंत्र, जिन्याखालच्या कोनाड्यात कोंबलेला. त्याने फेकलेली गरम हवा तिथेच घुटमळायची आणि तीच तो पुन्हा ओढायचा. चिलर उत्तरेच्या भिंतीशी, सावलीत, चहूबाजूंनी हातभर जागा सोडून मांडला. कंडेन्सरची, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीची, धूळ ब्रशने काढली, टबाला जाड फोमचं झाकण केलं. आता पहाटेपर्यंत पाणी १५ वर येतं. मला तेवढं पुरे, ५ अंशांची हौस नाही.

बर्फावर भागत नाही का, असं मित्र विचारतात. ३०० लिटर पाणी ३० वरून १५ अंशांवर आणायला ४५ ते ५० किलो बर्फ लागतो. रोज लाद्या कोण वाहणार? आठवड्यातून एकदाच बसणार असाल तर मात्र लादीच परवडते.

बोअरचं जड पाणी शक्यतो भरू नका, क्षार पाइपात बसतात. क्लोरीन बेताचं, पीएच ७.२ ते ७.८, फिल्टर आठवड्याला धुवायचा. आणि अंघोळ करूनच उतरायचं! आमचे अण्णा खोबरेल चोपडून थेट टबात. फिल्टर चिकट होणार नाही तर काय?

अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) नसेल तर चिलर चालू करूच नका. हृदयाचा किंवा रक्तदाबाचा त्रास असेल तर आधी डॉक्टर. टब गच्चीवर न्यायचा असेल तर आधी इंजिनिअर, कारण ३०० लिटर म्हणजे ३०० किलो, वर तुमचं वजन वेगळंच.